पांढऱ्या तंबूंचं रिसॉर्ट

थायलंडमधलं रिसॉर्ट मी फोटोतले पांढरे तंबू बघून निवडलं. ते तंबू नव्हते, मिठाच्या राशी होत्या. आणि माझा जन्म पेणच्या खाडीकाठचा, मिठागराच्या बांधावरचा. वडील जन्मभर त्याच राशी घालत होते. एवढं कळल्यावर माझ्या सल्ल्याने प्रवास करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

झालं असं, की अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत माझा उजवा खांदा धरला. मी रोह्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर. डोक्यावरच्या उंचीचे व्हॉल्व्ह फिरवण्यात वीस वर्षं गेलेली. एका सकाळी शर्ट चढवताना हात अर्ध्यावर थांबला, तो थांबलाच. भांगही डाव्या हाताने पाडायची वेळ आली, आणि तो कसा पडायचा हे शिफ्टमधली मंडळी रोज न चुकता मला सांगायची. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "महिनाभर रजा घ्या. विश्रांती, शेक, मालिश. नंतर हात सरळ वर नेऊन कानाला लावून दाखवायचा. लागला तर प्लान्ट, नाही तर स्टोअर."

स्टोअर म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये बसून नट-बोल्टच्या पावत्या फाडणं. तिथे गेलेला माणूस प्लान्टवर परत आलेला मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी थायलंडचं चलन गडगडलं होतं. मुंबईतल्या एका ट्रॅव्हल एजंटने माझ्यापुढे तीन माहितीपत्रकं टाकली. पहिलं रिसॉर्ट बेटावर, निळ्या समुद्रात. त्याचा दर ऐकून माझा डावा खांदाही दुखायला लागला. दुसरं डोंगरात, पण तिथे जायला आणखी एक विमान. तिसरं स्वस्त. बँकॉकपासून मोटारीने दोन तास, खाडीकाठी, शांत, आणि खाली लिहिलेलं 'नैसर्गिक मिनरल थेरपी'. रसायनाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला मिनरल म्हटलं की आदर वाटतो. फोटोत संध्याकाळच्या उजेडात पांढऱ्या तंबूंची लांबलचक रांग. मी म्हटलं, हेच.

"एकटेच जा," बायको म्हणाली. ती वरसेच्या शाळेत शिक्षिका, मार्च म्हणजे परीक्षा. "मी आले तर तुम्ही आराम नाही करणार, मला देश समजावून सांगत फिराल." मला थायलंडची काहीच माहिती नव्हती, पण तिचं म्हणणं खरं होतं.

रोह्याहून एसटीने निघालो. वडखळच्या नाक्यावर गाडी पाऊण तास अडकली. खिडकीतून खाडीकडचा खारट वारा आला आणि मी काच ओढून घेतली. म्हटलं, आता दहा दिवस हा वास नको. पिशवीत बायकोने पेणचे पोह्याचे पापड दिले होते, कारण परदेशात आपल्याला काय चालेल याची आम्हा दोघांनाही खात्री नव्हती.

बँकॉकच्या विमानतळावर रिसॉर्टची गाडी आली होती. विमानात झोप झाली नव्हती, त्यामुळे थायलंडची राजधानी मी तोंड उघडं टाकून, काचेला डोकं टेकून पार केली. जाग आली ती वासाने. तोच वडखळचा वास. क्षणभर वाटलं, आपण एसटीतच आहोत. डोळे उघडले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध घातलेले पाण्याचे चौकोन, चौकोनांत आभाळ, आणि त्यांच्या मधोमध माझे पांढरे तंबू. एका तंबूच्या माथ्यावर बगळा बसला होता.

ड्रायव्हर कौतुकाने म्हणाला, "ना क्लुआ" (मिठागर). त्याने सांगायची गरज नव्हती.

रिसॉर्ट लाकडी, नीटनेटकं, मिठागराच्या ऐन काठावर. निड नावाची एक तरुणी तिथली व्यवस्थापक. पस्तिशीची, चष्मा लावणारी, स्वच्छ इंग्रजी बोलणारी. तिने लेमनग्रासचं सरबत दिलं आणि विचारलं, "आमची जागा कशामुळे निवडलीत?"

"निसर्गामुळे," मी म्हणालो. तंबूंचं नाव काढलं नाही.

उपचारांचा कागद वाचला. मिठाने अंग चोळणं, मीठ घातलेल्या पाण्यात बसणं, गरम मिठाचा शेक. आमच्याकडे वडील संध्याकाळी घरी आले की आधी गोड्या पाण्याने अंगावरचं मीठ उतरवायचे, मग जेवायला बसायचे. टाचांच्या भेगांत गेलेलं मीठ मात्र उतरायचं नाही. मला त्यांनी आगरात उतरूच दिलं नाही. आयटीआयला घातलं. "तुझे पाय नाय फुटाले पायजेत," एवढंच त्यांनी मला कधी समजावून सांगितलं होतं. आणि मी इथे तीन हजार किलोमीटरवर, मीठ अंगाला लावून घ्यायला रांगेत उभा.

परत जावं असं मनात आलं. पण आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नव्हते, आणि खांदा तर बरोबरच आला असता.

माझा खांदा पा मालीच्या वाट्याला आला. 'पा' म्हणजे मावशी. तिकडे वयाने मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात. साठीची, ठेंगणी, माझ्या दंडापेक्षा तिचं मनगट जाड. सकाळी ती समोरच्याच स्वतःच्या मिठागरात काम करायची आणि दुपारी रिसॉर्टमध्ये. मला एक भलीमोठी सुती विजार देण्यात आली. तिची कंबर एवढी रुंद, की मी दोन्ही पाय एकाच भागात घातले आणि उड्या मारत बाहेर आलो. पा माली पुढे आली. तिने मला धरून पुन्हा आत ढकललं.

मग तिने कापडात बांधलेली मीठ आणि हळदीची गरम पुरचुंडी खांद्यावर दाबली. मी ओरडलो.

"जेप?" (दुखतं?) तिने विचारलं.

मी मान डोलावली. तिने तिथेच पुन्हा दाबलं.

तीन दिवस असे गेले. शेक घेतला की बरं वाटायचं, पण हात खांद्याच्या वर जाईना. रात्री खोलीत आरशासमोर उभा राहून मी कानाला हात लावून बघायचो आणि मला पावतीपुस्तक दिसायचं.

जेवणाची मात्र चैन होती. त्यांचा प्लाथू म्हणजे आपल्या बांगड्याचा धाकटा भाऊ. बांबूच्या टोपलीत नीट बसावा म्हणून त्याची मान मोडून ठेवतात, त्यामुळे सगळे मासे शरमल्यासारखे खाली बघत असतात. तो तळायचा आणि कापी (आंबवलेल्या जवळ्याची गोळी) घातलेल्या तिखट चटणीबरोबर भातावर घ्यायचा. मी पापड काढून दिले. पा मालीने ते कढईत तळले, एक मोडून खाल्ला, विचार केला आणि निडला काहीतरी सांगितलं.

"चांगला आहे म्हणते," निड म्हणाली. "मीठ कमी आहे."

चौथ्या दिवशी सकाळी माझ्यातला मिठागरवाला जागा झाला. पा माली चौकोनातलं मीठ लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून रास घालत होती. निड बांधावर उभी होती. मी तिला म्हटलं, "त्यांना सांगा, मी मिठागरवाल्याचाच मुलगा. आमच्याकडे हे काम जरा वेगळं करतात."

निडने सांगितलं. पा मालीने फळी माझ्यापुढे धरली.

आता खरं सांगायचं तर मी आयुष्यात फळी धरली नव्हती. बांधावर बसून वडिलांना बघितलं होतं, एवढीच माझी तयारी. पण म्हटलं, रक्तात असतंच की. मी चौकोनात उतरलो, डाव्या हाताने दांडा ओढला आणि दुसऱ्याच पावलाला सपशेल बसलो. बसलो ते बसलो, उठायच्या धडपडीत टाचा मिठाखालच्या चिखलात रुतवल्या आणि खालचा काळा गाळ वर काढला. पांढऱ्याशुभ्र चौकोनात पलंगाएवढा काळा डाग पडला.

पा माली हसली नाही. तो डाग बघत उभी राहिली. काळं मीठ विकलं जात नाही, हे मला निडने सांगायला नको होतं. लहानपणी असाच एकदा मी कुत्र्यामागे आगरात धावलो होतो आणि वडील असेच उभे राहिले होते. त्यांनी मारलं असतं तर बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "त्यांना विचारा, भरपाई काय देऊ."

निडने विचारलं. पा माली थोडक्यात बोलली आणि कामाला लागली.

"भरपाई नको म्हणते. उद्या सहाला या म्हणते. अनवाणी."

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. आधी तिने मला डागातलं काळं मीठ टोपलीने उपसायला लावलं. मग फळी दिली, माझ्या पाठीमागे उभी राहिली आणि कंबरेवर चापट मारली. दोन्ही हात दांड्यावर. मी ओढलं की चापट. पुन्हा ओढलं की पुन्हा चापट. शेवटी तिने निडला हाक मारली.

"ती म्हणते, तुम्ही खांद्याने काम करता," निड म्हणाली. "सगळं खांद्याने. खांदा किती वर्षं ऐकेल? कंबरेने ढकला, हात नुसता बरोबर जाऊ द्या."

मी कंबरेने ढकललं. मीठ करकरत पुढे सरकलं. एक फूट, दोन फूट. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांची पाठ आली. तेही असेच पुढे झुकायचे, आणि मला वाटायचं ते थकलेत म्हणून झुकतात.

पाच सकाळी मी पा मालीच्या मिठागरात काम केलं. दुपारी ती शेक द्यायची आणि माझ्या हाताला हळूहळू वर न्यायची. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, पण मी कुचराई करतोय हे तिला कुठल्याही भाषेत कळायचं. टाचांना बारीक चिरा पडल्या, त्यांत मीठ गेलं आणि मी रात्री पाय उशीवर घेऊन झोपायला लागलो. नवव्या दिवशी रास उंच झाली होती. तिच्या माथ्यावर शेवटची टोपली ओतायची म्हणून मी ती उचलली आणि ओतली. रिकामी टोपली खाली आणताना लक्षात आलं, की ती मी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली होती.

मी टोपली टाकून हात पुन्हा वर नेला. दुखला. पण गेला. बोटं कानाच्या वर केसांत शिरली. मी बांधावर बसलो. पा माली पाण्याची बाटली घेऊन आली, शेजारी बसली आणि माझ्या दंडावर दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं. मग तिने टोपलीकडे बोट दाखवलं. काम उरलं होतं.

निघायच्या दिवशी मी तिला पाकिटातून पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. मी वाकून तिच्या पाया पडलो. तिकडे तशी पद्धत आहे की नाही मला माहीत नव्हतं. ती गडबडून मागे सरली, आणि मग तिने हात जोडले. तिने किलोभर मीठ पिशवीत बांधून दिलं. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी ती पांढरी पिशवी वर धरली. मी म्हटलं, मीठ आहे. त्यांनी चाखून बघितलं, माझा पासपोर्ट उघडून पेणचा जन्म वाचला आणि मला फार सहानुभूतीने जाऊ दिलं.

डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. मी केला. दंड कानाला लागला. मान किंचित कलली होती, ती त्यांनी सोडून दिली. "असे खांदे कधी कधी आपले आपणही सुटतात," ते म्हणाले. सुटत असतील. माझा कोणी सोडवला ते मला ठाऊक आहे, आणि ज्या बाईचं मीठ मी काळं केलं तिनेच तो सोडवला, हे मला अजून प्रत्येक व्हॉल्व्ह कंबरेतून फिरवताना आठवतं.

रविवारी गावी गेलो. आई ओटीवर बसली होती. तिला मीठ दिलं. तिने चिमूट तळहातावर घेतली, उन्हात धरून कण बघितले, जिभेला लावले.

"बारीक हाय. बरा हाय," ती म्हणाली. "हात दाखव."

मी हात वर केला. ती बघत राहिली. डोळ्यांना पदर लावला आणि लगेच खाली घेतला.

"काय औषध दिलान तिकरं?"

मी सगळं सांगितलं. फळी, चिखल, चापट, पाच सकाळी घातलेली रास. हे करायला किती पैसे भरले, तेही तिने विचारलं म्हणून सांगितलं.

आईने मिठाची पिशवी बांधली. मग म्हणाली, "तुज्या बापासला त्याच कामाचे पैसे मिलायचे. तू देऊन आलास."