शेवटच्या घराचं उत्तर

लोक मला सांगतात, बाई, आता वय झालं, झालं गेलं सोडून द्या. का म्हणून सोडू? त्या दिवसाची आठवण आली की मला अजून दोन घास जास्त जातात.

आमचं गाव कल्याणच्या खाली, खाडीला लागून. आता तिथे इमारतीला इमारत चिकटली आहे, तेव्हा नुसती भातखाचरं होती. खाचरं आणि खाडी यांच्या मधे मातीचा बांध. भरतीचं पाणी आत शिरलं की खाचर दोन-तीन वर्षं कामातून गेलंच, म्हणून दर घरातून एक माणूस बांधावर राबायचा. त्या बांधाला गावकीच्या म्होरक्याने, म्हणजे बाबांच्या सख्ख्या चुलत भावाने, मासे आत यावेत म्हणून भगदाड पाडलं. बाबांनी ते पाहिलं आणि देवळासमोरच्या बैठकीत सरळ सांगून टाकलं. शिक्षा कुणाला? तर बाबांना! गावकीने आमचं घर वाळीत टाकलं. आमच्याशी बोलायचं नाही, आमच्याकडून विस्तव घ्यायचा नाही, पाणी घ्यायचं नाही. जो बोलेल, तोही वाळीत.

त्याच वर्षी बाबा तापाने गेले. मी तेव्हा बारा वर्षांची. गावातून एक माणूस आला नाही. आईचे तीन भाऊ कल्याणहून आले, त्यांनी तीन बाजू धरल्या. चौथा खांदा आईने दिला. पुढे मडकं घेऊन मी. स्मशानाच्या वाटेवर त्या म्होरक्याचं, म्हणजे माझ्या काकाचं, घर लागायचं. आम्ही दिसलो आणि त्याने दार लावून घेतलं. कडीचा आवाज मी ऐकला आहे. पुढे विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी खाली ठेवतात, मागचे पुढे होतात, दमलेल्याच्या जागी दुसरा येतो. आमच्याकडे दुसरा होताच कुठे? आई म्हणाली, "टेकवू नका. एकदा खाली ठेवला तर मना परत उचलवायचा नाय." तशीच चालत राहिली.

त्यानंतर तीन वर्षं आमचं घर गावात असून गावात नव्हतं. मी मामाकडे राहून सातवी पास झाले आणि आईजवळ परत आले. तेव्हाच ते पाहणीवाले साहेब आले. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सरकार गावोगाव विचारत होतं, तुमचं कसं चाललंय, तुम्हाला काय हवंय. साहेब सायकलवरून यायचे, डोक्यावर हॅट, काखेत छापील फॉर्मांचा गठ्ठा. घरटी एक फॉर्म. गावात एकोपा आहे का? अडीअडचणीला कोण धावून येतं? गावाची सगळ्यात मोठी गरज कोणती?

काकाने आदल्या दिवशीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. एकोपा आहे, सगळे धावून येतात, गरज पाण्याची, आणि विहीर काकाच्या अंगणात हवी. घरोघर तेच पोपटासारखं. आमचं घर गावातलं शेवटचं, त्याचं साहेबांनी विचारलं तर सांगितलं, तिथे कुणी राहत नाही. पण आईने चूल पेटवलेली, छपरातून धूर निघतोय! साहेब सरळ आमच्याकडे चालू लागले. त्यांना अडवायचं तर आमच्या अंगणात पाय ठेवावा लागणार, मग सगळे कुंपणापाशीच अडले. मला असं हसू येत होतं म्हणून सांगू!

साहेब ओट्यावर बसले. आईने तांब्या दिला. एक घोट घेतला आणि ते थांबले. "बाई, हे पाणी गोड आहे. गावात तर मी चार दिवस खारट पितोय."

बाबांनी परसात एक बाव खणली होती, लहानशी विहीर. खाडीकाठी गोडं पाणी लागणं म्हणजे नशीब. वाळीत टाकण्याआधी अर्धं गाव तिथेच भरायचं. नंतर स्वतःच्याच नियमामुळे बायका भर चैत्रात दोन कोस चालून हंडे आणत होत्या, तेही मचूळच. आमची बाव भरलेली, आणि आमच्या कुंपणावरून त्यांची रांग जायची. मी मुद्दाम तेव्हाच अंगणात पाणी शिंपडायची. हो, मुद्दाम.

आईला लिहिता येत नव्हतं, तेव्हा आमचा फॉर्म मीच भरला. एकोपा आहे का? आई म्हणाली, "हाय. आमच्या विरुद्ध सगले एक हायेत." साहेबांनी पुढचा प्रश्न वाचला. अडीअडचणीला कोण धावून येतं? आईने एकदा विसाव्याच्या वाटेकडे पाहिलं. "लिव, कोनी नाय." मी लिहिलं. गरज कोणती, याला ती म्हणाली, "मना काय नको." तेही लिहिलं.

पंधरा दिवसांनी ओव्हरसियर आला. गावात चार ठिकाणी खड्डे घेतले, काकाच्या अंगणात धरून. चारही ठिकाणी खारट. साहेबांनी देवळासमोर सगळ्यांना सांगितलं, सार्वजनिक विहीर त्या बाईंच्या जागेत होईल, नाहीतर होणार नाही. गावाने जाऊन त्यांचा अंगठा घ्या. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. अंगठा मागायचा तर बोलावं लागणार. बोलणार कोण? जो बोलेल तो वाळीत, हा नियम काकाचाच. साहेबांना काही कळेना, ते एकेकाकडे बघतायत. शेवटी बायकाच भडकल्या. रिकामे हंडे काकाच्या दारात आपटले आणि म्हणाल्या, तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा.

भर दुपारी तो आमच्या कुंपणाशी आला. मागे अख्खं गाव.

"वहिनी," तो म्हणाला.

तीन वर्षांनी! आई सुपात तांदूळ पाखडत होती, तिने हात थांबवला नाही. त्याला परत म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने वर पाहिलं.

"पानी पायजे ना? देईन. पन आधी हंडा भर आमच्या बावीतून. खांद्यावर घे. त्यांना जिथं जाळलं तिथं नेऊन ओत. मग अंगठा."

तांब्याचा मोठा हंडा मीच आणून दिला. घरात लहानही होता. मी मोठा काढला आणि काठोकाठ भरला.

तो निघाला. पुरुष माणूस, गावकीचा म्होरक्या, खांद्यावर हंडा, धोतर भिजून पायाला चिकटलेलं. स्वतःच्या दारावरून गेला. मागे आई, तिच्या मागे मी, आमच्या मागे सगळं गाव. विसाव्याच्या दगडाशी त्याने हंडा दुसऱ्या खांद्यावर घेतला. मान वळवून म्हणाला, "वहिनी, जरा टेकवू का?"

मला वाटलं, आई हो म्हणेल. तिचा स्वभाव मला माहीत होता. मी मनात घोकत होते, म्हणू नकोस, आये, म्हणू नकोस.

"नाय," आई म्हणाली. "मी टेकवला नव्हता."

तो तसाच गेला. पाणी ओतताना रडत होता. रडू दे. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी साहेब कागद घेऊन ओट्यावर आले. आईने अंगठा दिला. मग त्यांनी आमचा जुना फॉर्म काढला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता समेट झाला. हे 'कोणी नाही' तेवढं खोडून टाकू या का? वर गेल्यावर गावाला बरं दिसत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म पुढे ओढला, दौतीत टाक बुडवला आणि ते दोन शब्द खोडायच्या ऐवजी पुन्हा गिरवले, कागद फाटेस्तोवर.