लिस्टमध्ये नसलेला तांडा

माझ्या अण्णांमुळे दोन माणसं मेली.

हे मी नाही, अण्णा स्वतः सांगायचे. आम्ही घरातले घाईघाईने विषय बदलायचो.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन आज वीस वर्षं झाली.

निजामाच्या काळात ते आरोग्य खात्यात होते, ड्युटी कळमनुरीकडच्या गावांत होती. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली की विहिरींत लाल औषध टाकायचं. कोणत्या विहिरींत, याची लिस्ट तहसिलीतून यायची, उर्दूत.

अण्णा पक्के लिस्टवाले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी नाव घेऊन बोलावल्याशिवाय बसायचे नाहीत.

एका गावात त्यांनी सगळ्या विहिरी केल्या आणि 'काम पूर्ण' लिहून दिलं.

गावापासून कोसभर एक तांडा होता. सरकारी दफ्तरात त्याची गाव म्हणून नोंदच नव्हती, म्हणून तो लिस्टमध्येही नव्हता. तिथं विहीरही नव्हती. लोक ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायचे.

आठवड्याने अण्णा परत गेले, तोवर तांड्यात दोघं गेली होती. एक म्हातारा आणि एक बाळंतीण.

बाळंतिणीची सासू अण्णांना म्हणाली,
"साहेब, तुमच्या कागदाला आमी दिसलो न्हाई. पटकीला बराबर सापडलो."

तांड्यालाही औषध द्या, असा अण्णांनी तहसिलीत अर्ज केला. उत्तर आलं, लिस्टबाहेर औषध वापरलं तर नोकरी जाईल.

घरात तेव्हा माझे वडील पाळण्यात होते.

तरी या लिस्टवाल्या माणसाने कागदावर गावच्या पाटलाच्या नावाने एक जादा विहीर दाखवली. तिचं औषध रोज जाऊन झिऱ्यात टाकलं.

पुढे इन्स्पेक्शनला साहेब आला. पाटलाला विचारलं, ही विहीर कुठंय?

पाटलाने एकदा अण्णांकडे बघितलं. म्हणाला, "हाय की, तिकडं ओढ्याकडं."

साहेबाला उन्हात चालायचा कंटाळा आला. अण्णा वाचले.

तांड्यात पुन्हा कुणी दगावलं नाही.

शाळेत असताना मी मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं, अण्णा, तुम्ही अख्खा तांडा वाचवला.

अण्णांनी मला जवळ बसवलं.

"न्हाई रे लेकरा. हेच खोटं आठ दिवस आधी लिहिलं असतं, तर ती पोरगी जगली असती. ती मेल्यावर मला हिंमत आली."

 

अण्णा, तुमची फार आठवण येते. तुम्हाला मनापासून नमस्कार.

आणि त्या बाळंतिणीलाही. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.