भट्टीआबांचा ढब्बू

आमच्या भोरात कुणाच्या घरचा कर्ता पुरुष गेला, की दोन-तीन दिवसांनी नदीच्या घाटावर एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा दिसायचा. अंगावर, मिशांवर, अगदी भुवयांवरसुद्धा चुन्याची पांढरी भुकटी. तो खाली बघत चालायचा आणि वाळूतले काचेचे हिरवे तुकडे वेचून उपरण्याच्या टोकाला बांधायचा. त्या फुटलेल्या बांगड्या कुणाच्या, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. बायका पोरांना आत ओढून घेत. आजारी माणसाच्या घरावरून तो गेला, तर घरातल्या म्हाताऱ्या त्याच्या पाठीमागे बोटं मोडत. हे भट्टीआबा. उत्रोलीच्या वाटेवर नदीकाठी त्यांची चुन्याची भट्टी होती.

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे नवाच ओव्हरसियर लागलो होतो. पुण्याला शिकून आलेला, ट्रंकेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि नुकतीच शिंगं फुटलेली. पहिल्याच भेटीत मी त्यांना त्या बांगड्यांबद्दल विचारलं. माझ्या कानांवर तोवर बरंच काही आलं होतं. आबांनी भट्टीच्या भिंतीतल्या भोकातून लांब दांडीची एक लोखंडी पळी बाहेर ओढली. पळीत खापराचा तुकडा, त्यावर तीन गोष्टी होत्या: बांगडीची काच, चिमूटभर मीठ आणि तांब्याचा जुना ढब्बू पैसा.

"काच वाकली, म्हंजी आच लागली. मिठाचं पानी झालं, म्हंजी खडा चुना सोडाया लागला. मग तीच आच धरून ऱ्हायाची, वर जाऊ द्यायाची न्हाई. ढब्बू वितळला, की भट्टी वाया."

माझ्या पुस्तकात याच गोष्टीला चार पानं आणि दोन कोष्टकं होती.

"पण आबा, काच कासाराकडे मिळेल की. ती घाटावरचीच कशाला?"

"कासार फुटकी काच बी इकतो, सायेब. आन् त्या बांगड्या कुनालाच नको असत्यात. कुनीतरी उचलाया पायजेत का न्हाई?"

त्यानंतर मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. म्हणजे, जवळजवळ.

त्यांची एक खोड होती. नव्या भिंतीला ते कधी टेकत नसत, दुसऱ्यालाही टेकू देत नसत. एकदा मी ऐटीत नव्या बांधकामाला रेलून विडी ओढत होतो, तर आबांनी दंडाला धरून मला असं ओढलं की विडी चिखलात आणि मी त्यांच्या अंगावर. "वरीसभर भितीला पाठ लावू नगा. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत न्हाई." मजूर फिदीफिदी हसले. मीही हसलो, पण त्या भिंतीपासून दोन हात लांब उभा राहून.

आणखी एकदा न विझवलेला कळीचा चुना माझ्या घामेजल्या हातावर पडला. मी नदीकडे धावत सुटलो. पाणी लागलं असतं तर तो आणखी भाजला असता; आबांनी आडवं होऊन मला अडवलं, कोरड्या फडक्याने चुना झटकला आणि तिळाचं तेल चोळत बसले. चोळता चोळता लहान पोराशी बोलावं तसं पुटपुटत होते. बाप गेल्यापासून माझ्याशी तसं कुणी बोललं नव्हतं.

त्या वर्षी राजगडाच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत आम्ही पाण्याचा हौद बांधायला घेतला. झऱ्याचं पाणी साठवायचं, समोरची भिंत पुरुषभर उंच, तिच्या तळाशी तोट्या आणि तोट्यांखाली बायकांनी हंडे लावायचे. त्याच वाडीत आबांचा धाकटा भाऊ राहत होता. पाटलांनी पाडव्याचा मुहूर्त धरला होता आणि चुना कमी पडत होता. अशात तो भाऊ वारला. आबा दिवस उरकायला वाडीला गेले. जाताना मला बजावून गेले, "म्या येईस्तवर भट्टीला हात लावू नगा."

मी हात लावला. कापूरहोळला आमचा दगडी कोळसा लॉरीने येऊन पडला होता. तो आणवून मी भट्टीत भरला. लाकडाला चार दिवस लागत, कोळशाने दोन दिवसांत काम होईल असा माझा हिशेब. भट्टी पेटली ती अशी, की काठावर उभं राहवेना. मला वाटलं, वा!

आबा परतले, तेव्हा त्यांच्या उपरण्याला नेहमीसारखी गाठ होती. ती कुणाच्या बांगड्यांची, हे मी विचारलं नाही. त्यांनी पळी ओढली. खापरावर ढब्बू नव्हता, काळपट तांबड्या तांब्याची एक गोळी होती.

"फेकून द्या समदी भट्टी," ते म्हणाले.

मी पुस्तक काढलं. कोष्टकात बोट ठेवून त्यांना सांगितलं, की चुना वितळायला तांब्याच्या दुपटीहून जास्त आच लागते, तेवढी आपल्या बापजन्मी कुठल्या भट्टीत होणार नाही. मग बिघडेल कसा?

"वितळत न्हाई म्हून बिघडत न्हाई व्हय? लई भाजलेला खडा निजतो, सायेब. पानी टाकलं तरी उठत न्हाई. भितीत गेल्यावर सवडीनं जागा हुतो, आन् जागा झाला की फुगतो."

मी ऐकलं नाही. पाण्यात न फुललेले खडे चाळून टाकायला हवे होते, ते मी चुन्याच्या घाण्यात दळून भिंतीसाठी वापरले. पाडव्याला हौदाची पूजा झाली, नारळ फुटला, मला फेटा बांधला गेला.

ज्येष्ठात भिंतीवर पहिला फोड आला. गिलाव्याची टिकली उडालेली, मधोमध पांढरा ठिपका. आबा भट्टी बंद करून वाडीला जाऊन राहिले. रोज सकाळी ते भिंत न्याहाळायचे आणि नव्या फोडाभोवती कोळशाने गोल काढायचे. मी श्रावणात गेलो, तेव्हा भिंतीवर अंगठ्याएवढे काळे गोल गोल पसरले होते आणि भिंतीला मधेच पोट आलं होतं. तोट्यांसमोर आबा काठी घेऊन बसलेले. कुणी हंडा घेऊन आलं की काठी उगारत, "वड्यावर जा! हितं मराया येऊ नगा!" त्यांची विधवा भावजय दोन मुलींना घेऊन मुकाट्याने ओढ्यावर जायची. बाकीच्या बायका आबांना शिव्या घालत तिकडेच जायच्या. मी हौद रिकामा करायला सांगू शकलो असतो. उद्या बघू, म्हणून परत आलो.

दसऱ्यानंतर भरदुपारी भिंत गेली. तोट्यांसमोरची सगळी जागा दगडांनी आणि चिखलाने भरली. बायका ओढ्यावर होत्या, आबा वेळीच बाजूला झाले होते. एकाही माणसाला खरचटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमला. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "ह्यानंच पाडला हौद! रोज कोळशानं गोल काढीत हुता, आमी डोळ्यांनी बगितलं. करनी हाय ती. मेल्या मानसांच्या बांगड्या का उगा गोळा करतो?" बायका रडायला लागल्या. काल त्या कशामुळे वाचल्या, ते एकीलाही आठवलं नाही. आबा खांबापाशी उभे होते, खांबाला न टेकता.

पाटील माझ्याकडे वळले. "ओव्हरसियरसाहेब, तुमी शिकलेली मानसं. चुन्यात काय खोट हुती का?"

माझी नोकरी, ठेकेदार, पाडव्याचा तो फेटा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "भट्टी आबांची होती."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, जणू शरम त्यांनाच वाटली.

गावाने त्यांना वेशीबाहेर घालवलं. पुढे भोरातही कुणी त्यांचा चुना घेईना. भोर सोडून जायच्या दिवशी ते माझ्या दारात आले, आत आले नाहीत. उपरण्याची गाठ सोडून त्यांनी ती तांब्याची गोळी माझ्या हातावर ठेवली. गाठीतले हिरवे तुकडे मात्र पुन्हा बांधून घेतले.

"ह्यो तुमचा ढब्बू. हात बरा हाय न्हवं आता?" एवढं विचारून ते गेले. कुठं गेले, कधी कळलं नाही.

त्यानंतर मी आयुष्यभर भिंती बांधल्या, आणि एकाही नव्या भिंतीला पाठ लावली नाही. मागे एकदा त्या वाडीवरून जाणं झालं. हौदाचे दगड अजून तिथेच पडले आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. एका बाईने मला सगळी गोष्ट सांगितली, तिच्या आजीने तिला सांगितलेली. गोष्टीत करणी करणारा एक पांढरा म्हातारा होता, कोळशाचे गोल होते, मेलेल्यांच्या बांगड्या होत्या. ओव्हरसियर कुठेच नव्हता. गोळी माझ्या खिशात होती. मी तेव्हाही काही बोललो नाही.