साध्या मातीची कुंडी

काळ्या रानातून चालताना चपलेला चिखल चिकटतो, तसे हे किस्से. झटकावेत म्हटलं तर पुढच्या पावलाला दुप्पट! पन्नासच्या दशकात चाकणजवळच्या आमच्या छोट्या केंद्रावर एकच काम चाले. मातीत काय मिसळलं की पाणी जास्त टिकतं, ते पाहायचं. कुंड्यांत कांद्याची रोपं लावायची, सगळ्यांना सारखंच पाणी द्यायचं आणि रोज वजन करायचं. मिसळलेली माती साध्या मातीपेक्षा सरस ठरली नाही, तर केंद्र बंद! मी परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेलो, म्हणून सगळ्यांत जास्त घाबरलेला.

*

आमचा तराजू काही वेळेत आला नाही. शेवटी कांद्याच्या अडत्याकडून मागून आणला.

"माती तोलताय?" अडत्या म्हणाला. "मग आमचा कांदाच न्या की राव, निम्मी मातीच असती!"

*

पिंपरीला एक कारखाना उभा राहत होता. तिथे लाकडाचा भुसा मागायला गेलो.

"चुलीला का?" सुतारानं विचारलं.

"नाही, मातीत मिसळायला."

"शिक्षण किती झालंय?"

मी सांगितलं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "घरी ठाऊक हाय का?"

*

एकदा मेंढरं आत घुसली. लेंडीखताच्या कुंड्यांतली रोपं फस्त! मी ओरडत धावलो. धनगर शांत.

"खाल्लं ते खरं. पन लेंड्या टाकल्या न्हवं? फिट्टंफाट!"

*

पण खरी धास्ती वेगळीच होती. साध्या मातीची कुंडी सुकेचना! भुसा, राख, तळ्यातला गाळ, सगळ्यांना मागे टाकून तीच ओली. मी तराजू तपासला, वजनं तपासली, शेवटी स्वतःच्या पदवीवरच शंका घेतली. झाडलोट करणाऱ्या गंगूबाई म्हणाल्या, "डाक्टर, तुमी येळेवर जेवत न्हाई, म्हून असं हुतं."

अशातच पुण्याचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी त्याच कुंडीत बोट खुपसलं.

"यात काय मिसळलंय?"

"काही नाही, सर."

"मग केंद्र तरी कशाला हवं?" त्यांनी शेरा लिहायला पेन काढलं. पण ऊन लागलं असावं, कारण आधी त्यांनी पाणी मागितलं.

साहेब अर्धा पेला प्याले. गंगूबाईंनी पेला परत घेतला आणि रोजच्या सवयीनं उरलेलं पाणी साध्या मातीच्या कुंडीत ओतलं.

"बाई, हे काय?"

"उरल्यालं पानी फेकायचं व्हय, सायेब? आन् समद्यांना कायबाय घातलंय. ह्या बिचारीलाच काय न्हाई!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि हात पुढे केला.

"भरा पेला. या खेपेला मी सगळं पितो."