शेजारणीच्या सुनेसाठी गाईड

त्या वर्षी आमच्या घरात दोन सीईटी होत्या. लेकीची इंजिनिअरिंगची आणि माझी बी.एड.ची. लेकीची अख्ख्या सोसायटीला माहीत होती, माझी फक्त घरातल्या तिघांना. वीस वर्षं मी हॉलमध्ये चटई टाकून शिकवण्या घेतल्या. एकदा तरी खऱ्या शाळेत, फळ्यासमोर उभं राहायचं होतं. पण त्रेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या रांगेत बसून परीक्षा द्यायची, याची मला भयंकर लाज वाटायची. मार्क कमी पडले तर लोक काय काय म्हणतील, ते मात्र अभ्यासाआधीच पाठ झालं होतं.

गाईड घ्यायला आम्ही दोघी विरार स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. मी सवयीने सगळ्यांत जाडजूड ठोकळा उचलला. लेक वैतागली. "आई, वजन बघून काय घेतेस? जो चॅप्टर तुला जमत नाही ना, तोच उघड. इथेच उभी राहून एक प्रॉब्लेम वाच. कळला तर घ्यायचं, नाहीतर ठेवून दे."

वीस वर्षं शिकवूनही ही अक्कल मला सुचली नव्हती. मी बुद्धिमापनाचा चॅप्टर उघडला. गोल टेबलाभोवती आठ माणसं. आमच्याकडे आठ जण जेवायला आले की कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे मी झोपेतही सांगेन, पण या आठांनी मला घाम फोडला. ठोकळ्यात नुसतीच उत्तरं होती, दुसऱ्या गाईडातही तेच. तिसऱ्या, पातळशा गाईडात मात्र एकेकाला कसं बसवत न्यायचं ते नीट काढून दाखवलं होतं. शेवटचा माणूस जागेवर बसला आणि मी "आलं!" म्हणून ओरडलेच.

दुकानदाराने मान वर केली. "कोणासाठी बघताय?"

"शेजारणीच्या सुनेसाठी," मी पटकन बोलून गेले.

लेक माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या मजल्यावर दुसरं एकच घर आहे, आणि त्यात लग्न न केलेले एक आजोबा राहतात. मला वाटलं, आता ही खो खो हसणार. पण ती हळूच म्हणाली, "मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलंय, माझी आईपण सीईटी देतेय म्हणून."

मी ओशाळले, आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी जे लपवत फिरत होते, ते माझी पोर मिरवत होती.

"माझ्यासाठी हवंय," मी दुकानदाराला सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने. बाजूची दोन मुलं वळून बघायला लागली. बघू देत.

दुकानदार ना हसला, ना त्याने कौतुक केलं. "मग जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच पण घ्या, मॅडम," एवढंच म्हणाला.

लेकीने पिशवी पुढे केली. मी नको म्हटलं, आणि फुलपाड्यातल्या आमच्या घरापर्यंत गाईड हातातच धरून आले, वरचं नाव लोकांना वाचता येईल असं.