तितराचा डोळा

साठी उलटल्यावर तो निजाम सरकारचा चित्रकार झाला. त्याआधी जन्मभर सिरसाळ्याकडच्या लग्नघरांच्या भिंतींवर मोर काढायचा. आता शिकारी पाखरं मारून आणत, तो ती कागदावर हुबेहूब उतरवी आणि जंगल खात्याचा कारकून म्हणून मी गुंडाळी न उघडताच हैदराबादला धाडी. कुंचला जिभेवर ओला करायची त्याची सवय मला आवडत नसे.

एकदा सगळी चित्रं परत आली. एकाही पाखराला डोळा नव्हता.

“कावून सोडला?”

“भिंतीवरबी डोळा शेवटीच देतो, मुन्शीजी. डोळा दिला की जीव येतो. हे तर मेलेलं हाय.”

नोकरी जाईल, असं मी बजावलं. त्यानं जिवंत तितर मागवला. दिवसभर रंगवला, शेवटी डोळा दिला, आणि पिंजरा उघडला.