हात कुणाचे आहेत?

बाबा तोफांच्या कारखान्यात होते. लढाईच्या त्या हिवाळ्यात त्यांची ड्यूटी बारा-बारा तासांची झाली होती, त्यामुळे मला टोकायला घरात फक्त आई उरली. "काहून दर शनिवारी नेपियर टाउनला जाऊन राहिली तू?" असं ती विचारायची. मामाचा जुना डब्बा कॅमेरा माझ्याकडे होता, आणि शहराच्या त्या भागातल्या एका फोटो स्टुडिओत मला काम शिकायचं होतं.

स्टुडिओचे मालक साठीचे. पहिल्या दिवशी मी शिकवा म्हटलं, तर हसले. "बेटी, लड़कियाँ यहाँ फोटो खिंचवाने आती हैं।" पण रोल धुवून द्यायला त्यांची ना नव्हती. मग मी रोल देत राहिले आणि प्रिंट घेताना काउंटरवर प्रश्न विचारत राहिले. दोनेक महिन्यांनी ते माझ्या प्रिंटांवर पेन्सिलीने खुणा करायला लागले. इथे डोकं कापलं, इथे सावली पडली.

एकदा मी तिथे असतानाच गढा मोहल्ल्यातल्या एक बाई आल्या. मुलगा सीमेवर, इकडे त्याला पहिलं मूल झालेलं. त्याने बाळाचा फोटो मागितला होता. पण बाळंतीण सून सव्वा महिना घराबाहेर निघणार नव्हती, आणि परका पुरुष घरात नको होता. मालकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"ये जाएगी," ते म्हणाले.

अंगणात ऊन छान होतं. सुनेने बाळाला पुढे धरलं आणि स्वतः मागे सरकली. "दीदी, मैं नहीं। बस मुन्ना आ जाए।" तिने सांगितलं तसंच मी केलं. फोटो स्वच्छ आला, आणि मी आठवडाभर हवेत होते.

महिन्याभराने त्याच बाई मुलाचं पत्र घेऊन स्टुडिओत आल्या. मालकांनी ते मोठ्याने वाचलं. बाळ पाहून तो खूश होता. खाली लिहिलं होतं, "हाथ तो दिख रहे हैं, हाथवाली कहाँ है?"

बाई ओशाळल्या. मीही. बाळ कसं दिसेल याचा मी शंभरदा विचार केला होता. तो फोटो हातात घेऊन कोण बसणार आहे, याचा एकदाही नाही.

मी पुन्हा गढ्याला गेले. या वेळी सासूबाईंनीच सुनेचा पदर नीट केला. पण ती मान वर करेना. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मुन्ना रात को सोने देता है?" ती हसून सांगायला लागली, बाळाकडे बघत. कॅमेरा मांडीवरच होता, मी तिथूनच बटण दाबलं.

मालकांनी प्रिंट बराच वेळ न्याहाळला.

"पाँव हिल गया बच्चे का."

"दूसरा खींच लाऊँ?"

"नहीं। यही भेजो।"

त्यानंतर त्या सासूबाईंनीच मला त्यांच्या गल्लीतल्या चार घरांत नेलं. प्रत्येक घरातला कुणी ना कुणी फौजेत होता. त्या बायकांनी पुढे आपल्या माहेरी, बहिणींकडे माझं नाव सांगितलं. उन्हाळा लागेपर्यंत शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यापासून निरोप येऊ लागले, आणि मालकांनी मला डार्करूममध्ये उभं राहू दिलं.

सुनेचा नवरा सुखरूप परतला, असं नंतर कळलं. त्याला मी कधी पाहिलं नाही.